भुरट्या चोरांची विनंती : रोमन भिंतींवरच्या वात्रट ओळी वाचायच्या कशा?

शिलापट | रवि, रात्री ९:४०

गेल्या वर्षी पॉम्पेईत दोन दिवस राहता आलं. पहिल्या दिवशी एका घराच्या भिंतीसमोरून मी दोनदा गेले आणि मला काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन तिरपं झालं तेव्हा त्याच भिंतीच्या गिलाव्यावर नखाएवढ्या उंचीची अक्षरं उठून आली. ती रंगवलेली नव्हती, ओरखडलेली होती. मेणाच्या पाटीवर लिहायची जी टोकदार लेखणी रोमन माणूस जवळ बाळगायचा, तिच्याच टोकाने. मी गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिले. लिहिणाऱ्याचा हात एका जागी घसरला होता आणि त्याने तेच अक्षर पुन्हा कोरलं होतं. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची चूक आणि तिची दुरुस्ती.

तेव्हापासून जमेल तसं या विषयावर वाचते आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही रोमन शहरं गाडली. १७४८ पासून पॉम्पेईत खोदकाम चालू आहे, आणि रंगवलेलं, ओरखडलेलं, कोळशाने लिहिलेलं असं सगळं धरून तिथल्या भिंतींवरचे ११,०००च्या वर मजकूर नोंदले गेले आहेत. त्यात हिशेब आहेत, निरोप आहेत, प्रेमाच्या ओळी आहेत, आणि शिव्या तर भरपूर.

या शिव्यांबद्दल दोन प्रकारचं लिखाण सतत समोर येतं. एक म्हणतं, बघा, माणूस तेव्हाही असाच होता, संडासातले विनोद काही बदलले नाहीत. दुसरं म्हणतं, हा दबलेल्या जनतेचा सत्तेवरचा हल्ला आहे. मला दोन्ही पटत नाहीत. पहिलं वाचणारा मजकुराकडे नीट बघतच नाही. दुसरं वाचणाऱ्याला प्रत्येक शिवीत क्रांती दिसते.

मला वाटतं, ओळ घाण आहे की नाही याने काही ठरत नाही. तिने कोणता साचा उसना घेतला आहे ते बघावं. निवडणुकीची पाटी, सरकारी जाहीरनामा, महाकाव्याची पहिली ओळ, हुद्द्यासकट लिहिलेलं नाव, असा प्रतिष्ठेचा साचा जसाच्या तसा उचलून त्यात कोणी घाण भरली असेल तर तो टोमणा आहे. साचा नसेल तर ती नुसती शिवी. कियस नावाच्या माणसाला कोणीतरी लिहिलंय की तुझी मूळव्याध पुन्हा चिघळो आणि आधीपेक्षा जास्त जळो. तो राग आहे, खरा आहे, पण त्यात मला राजकारण दिसत नाही.

आता साच्याचं उदाहरण. पॉम्पेईत दरवर्षी निवडणूक व्हायची. दोन दुओविर म्हणजे शहराचे मुख्य अधिकारी, आणि दोन एडाइल, म्हणजे रस्ते, बाजार, वजनमापं बघणारे. उमेदवारांच्या पाट्या भिंतीला चुना मारून त्यावर लाल-काळ्या रंगात रंगवत. रंगवणारे कसबी लोक होते, रात्री कंदील आणि शिडी घेऊन काम करत. मजकूर ठरलेला : अमक्याला एडाइल करा, तमक्यांची विनंती. शेवटी तीन अक्षरं असत, ती ‘तुम्हाला विनवतो, याला निवडून द्या’ याचं लघुरूप. सोनार कुस्पियस पान्सासाठी विनंती करतात, फळविक्रेते होल्कोनियस प्रिस्कससाठी, खेचरवाले युलियस पॉलिबियससाठी, इसिस या इजिप्तच्या देवीचे भक्त हेल्वियस सबिनससाठी.

आणि मार्कस सेरिनियस वातिया या उमेदवारासाठी? एका पाटीत भुरट्या चोरांची विनंती. दुसरीत समस्त उशिरा पिणाऱ्यांची. तिसरीत समस्त झोपाळूंची. तिन्ही पाट्यांचा घाट खऱ्या पाटीसारखाच.

इसिडोरस नावाच्या एकाचं तर त्याहून पुढचं. त्याला एडाइल करा म्हणून सुरुवात, आणि जिथे ‘तो या पदाला लायक आहे’ असं यायला हवं तिथे तो बाईला तोंडाने सुख देण्यात पटाईत आहे असं लिहिलंय.

शेवटचं हर्क्युलेनियममधलं. एका घराच्या संडासाच्या भिंतीवर ओळ आहे : ‘टायटस बादशहाचा वैद्य अपोलिनारिस इथे छान हगला.’ लोक ही ओळ वाचून हसतात आणि पुढे जातात. मला त्यातला हुद्दा महत्त्वाचा वाटतो. टायटस गादीवर बसला जून ७९ मध्ये आणि त्याच वर्षी शहर गाडलं गेलं. म्हणजे ‘बादशहा’ हा शब्द त्या अर्थाने घेतला तर भिंतीवरची ही ओळ फार तर काही महिन्यांची होती. अपोलिनारिसने स्वतः लिहिली असेल किंवा त्याच्या नावाने दुसऱ्या कोणी. पण थडग्यावर जसं नाव, मग हुद्दा, मग कर्तृत्व कोरतात, तसंच्या तसं इथे आहे.

तुम्हाला हा साच्याचा मुद्दा पटतो का? कुठे तुटतो तेही सांगा.

---

गोदाकाठ | रवि, रात्री ११:०५

ताई, धागा आवडला. पण वातियापाशीच मी अडलो.

त्या पाट्या तुम्ही टोमणा धरून चालला आहात. उशिरा पिणाऱ्यांच्या पाटीवर खाली सही आहे : फ्लोरसने फ्रुक्तससोबत लिहिली. बदनामी करणारा माणूस सही करेल का? झोपाळूंच्या पाटीतही मासेरियस हे नाव आहे. काही अभ्यासक म्हणतात की ही मित्रमंडळांनी स्वतःला हौसेने घेतलेली नावं असतील. रात्री गुत्त्यात बसणारं एक टोळकं, त्यांनी आपल्या माणसासाठी आपल्या नावाने पाटी रंगवली. तसं असेल तर हा थट्टेतला खरा पाठिंबा झाला, विरोधकांचा डाव नाही.

आणि दुसरं. तुम्ही म्हणालात रंगवणारे कसबी होते. चुना, रंग, शिडी, कंदील यांना खर्च येतो. कोळशाने दोन शब्द खरडणं वेगळं आणि ठरवून पाटी रंगवणं वेगळं.

---

शिलापट | सोम, सकाळी ७:१५

गोदाकाठ, सहीचा मुद्दा बिनतोड आहे. रात्री यावर विचार करत होते.

मला लॅटिनमधला एक शब्द दाखवायचा आहे : ‘युनिव्हर्सी’. खऱ्या पाट्यांत तो नेहमी येतो. सोनार युनिव्हर्सी, फळविक्रेते युनिव्हर्सी, खेचरवाले युनिव्हर्सी. म्हणजे आपल्याकडच्या फ्लेक्सवरचा ‘समस्त’. समस्त ग्रामस्थ, समस्त व्यापारी बांधव, समस्त मित्रपरिवार. हा शब्द एकट्या माणसाचा नसतो. आमची संघटना आहे, आमची मोजता येतील इतकी डोकी आहेत, उमेदवाराने लक्षात ठेवावं, हे तो सांगतो. वातियाच्या पाट्यांत उशिरा पिणारेही समस्त आणि झोपाळूही समस्त. माझ्या मते खरी गंमत ‘उशिरा पिणारे’ या शब्दात नाही, ‘समस्त’मध्ये आहे. ज्यांची संघटना असूच शकत नाही त्यांना संघटनेचा शब्द दिला.

त्यामुळे पाटी वातियाच्या मित्रांनी रंगवली असो की शत्रूंनी, टोमणा निदान एका ठिकाणी बसतोच. गावातल्या प्रत्येक धंद्याने समस्त म्हणून उमेदवाराच्या मागे उभं राहायचं, या रिवाजावर. वातियावर तो बसतो की नाही, हे लिहिणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून. तुमच्या मुद्द्यामुळे मला हे दोन वेगळे करता आले. कालपर्यंत मी ते एकत्रच वाचत होते.

चोरांच्या पाटीबद्दल मात्र मी ठाम आहे. एडाइल बाजारावर नजर ठेवणारा माणूस. मापात पाप करणाऱ्याला त्याने पकडायचं. तो निवडून यावा अशी भुरट्या चोरांची इच्छा असणं हा नेमका त्या पदावरचा घाव आहे.

---

अबोली_२ | सोम, दुपारी १:३०

इसिडोरसच्या पाटीबद्दल थोडं लिहिते, कारण आजच्या डोळ्यांनी ती वाचली की तिचा अर्थ पार उलटा होतो. आज एखाद्याला ती स्तुती वाटेल. रोमन वाचकाला ती भयंकर वाटली असणार.

रोमन समाजात तोंड हा पुरुषाचा सार्वजनिक अवयव. तोंडाने तो कोर्टात साक्ष देतो, शपथ घेतो, भाषण करतो, देवाची प्रार्थना करतो. भेटल्यावर बरोबरीच्या माणसाचं चुंबनही घेतो. ते तोंड विटाळलं तर त्याची साक्ष विटाळली, शब्द विटाळला, त्याच्याशी भेटणंही नकोसं झालं. पॉम्पेईच्या बॅसिलिकात, म्हणजे जिथे खटले चालत त्या इमारतीत, तोंडावरून दिलेल्या शिव्या भिंतीवर सापडतात. एरवी गुत्त्यातल्या शिवीला फार अर्थ नसेल, पण कचेरीच्या भिंतीवर ‘याचं तोंड घाण आहे’ लिहिलं की मला ते ‘याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका’ असं वाचावंसं वाटतं. म्हणून इसिडोरसला एडाइल करा असं म्हणून त्याच्या तोंडाबद्दल लिहिणं म्हणजे एकाच वाक्यात उमेदवारी देऊन काढून घेणं.

शिलापटताईंच्या कसोटीला एक अपवादही मांडते. साचा अजिबात नाही आणि तरी राजकारण शंभर टक्के, असं एक उदाहरण आहे. इ.स.पू. ४१-४० च्या हिवाळ्यात ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढच्या ऑगस्टस बादशहाने, पेरूसिया शहराला वेढा घातला. आत मार्क अँटनीचा भाऊ लुसियस अँटोनियस होता. अँटनीची बायको फुल्विया त्याच पक्षाची आणि तिने सैन्य उभं करण्यात पुढाकार घेतला होता. दोन्ही बाजूंनी गोफणीतून शिशाच्या गोळ्या मारल्या, आणि त्या गोळ्यांवर मजकूर आहेत. लिंबाच्या फोडीहून लहान गोळी, दोन्ही टोकं निमुळती, आणि त्यावर अक्षरं. एकीवर : ‘टकल्या लुसियस अँटोनियस, आणि फुल्विया, ढुंगण उघडा.’ पलीकडून आलेल्या गोळीवर : ‘मी ऑक्टेव्हियनच्या ढुंगणाच्या शोधात आहे.’ फुल्वियाच्या नावाच्या एका गोळीवर तिच्या योनीतला नेमका भाग नेम म्हणून दिलाय.

यात विनोदाचा साचा कुठला? गोळी हीच वाक्यातलं क्रियापद आहे. फेकणारा जे लिहितो तेच करतो. आणि फुल्वियाबद्दलचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो, कारण तिचा अपराध काय होता? बाई असून सैन्याच्या कारभारात पडली. शिवी थेट तिच्या बाईपणावर नेम धरते. मला हे वाचून हसू येत नाही. दोन हजार वर्षांनी कुठल्याही बाई उमेदवाराच्या नावाखाली काय लिहिलं जातं ते आठवतं.

---

उंबरठा | सोम, संध्या. ६:५०

वाचतोय. एक शंका बरेच दिवस मनात आहे, ती इथेच मांडतो.

या ओळींना ‘सामान्य जनतेचा आवाज’ म्हणायची घाई होते. पण रोमन साम्राज्यात वाचता-लिहिता येणारे किती होते? अभ्यासकांचा एक गाजलेला अंदाज १० ते १५ टक्क्यांच्या आसपासचा आहे. पॉम्पेईसारख्या व्यापारी शहरात जास्त असतील असं धरलं तरी लिहिता येणं ही सर्वांची गोष्ट नव्हती. शिवाय ओरखडलेले किती तरी मजकूर रस्त्यावर नाहीत, घरांच्या आत आहेत. तेही चांगल्या, चित्रं काढलेल्या दालनांत. म्हणजे लिहिणारा घरातला, पाहुणा किंवा घरचा गुलाम.

मिस्टरीज व्हिला म्हणतात त्या वाड्यातलं रुफसचं व्यंगचित्र घ्या. टक्कल, पुढे आलेलं भलंमोठं नाक, टोकदार हनुवटी, डोक्यावर पानांची माळ. वर दोनच शब्द : ‘हा रुफस.’ ते शहरातल्या भिंतीवर नाही, वाड्याच्या मुख्य दालनात आहे. रोज त्या रुफसला बघणाऱ्या कोणीतरी ते काढलं. माळ विजेत्याची, मानकऱ्याची, नाक मात्र जसं होतं तसं. शिलापट, तुमचा साचा इथे अगदी बसतो. पण ही जनता नव्हे, घरातलीच माणसं.

---

रात्रपाळी | मंगळ, पहाटे २:२०

पॉम्पेईतच अडकू नका मंडळी. प्रत्यक्ष रोममधल्या भिंती आणि पुतळे पडले, पण त्यांवर काय लिहिलं होतं ते सुएटोनियस आणि प्लुटार्क या प्राचीन चरित्रकारांनी टिपून ठेवलंय. साच्याच्या कसोटीला ती उदाहरणं चपखल आहेत.

सीझरने गॉल प्रांतातल्या लोकांना सिनेटमध्ये घेतलं तेव्हा रोममध्ये एक फलक लागला. त्याची सुरुवात सरकारी जाहीरनाम्याच्या ठरलेल्या मंगलवचनाने होती. आपल्याकडे म्हणायचं तर ‘शुभं भवतु’. आणि पुढे : ‘नव्या सिनेटरला सिनेटची वाट कोणी दाखवू नये.’ साचा सरकारचा, टोमणा सरकारवर. पण हा टोमणा वरून खाली मारलेला आहे हेही बघा. परप्रांतीय आत आले याचा जळफळाट आहे त्यात.

मग सीझर राजा होणार अशी कुजबुज सुरू झाली. ज्या जुन्या ब्रूटसने राजांना हाकललं त्याच्या पुतळ्याखाली कोणी लिहिलं : ‘तू आज असतास तर!’ आणि सीझरच्या पुतळ्याखाली दोन ओळी : ब्रूटसने राजांना हाकललं म्हणून तो पहिला कॉन्सुल (दरवर्षी निवडला जाणारा सर्वोच्च अधिकारी) झाला, याने कॉन्सुलांना हाकललं म्हणून हा शेवटी राजा झाला.

त्याच्याही आधी, इ.स.पू. १२१ मध्ये, गायस ग्राकस हा सुधारणावादी नेता आणि त्याच्या माणसांची कत्तल झाल्यावर कॉन्सुल ओपिमियसने ऐक्यदेवतेचं देऊळ बांधलं. प्लुटार्क सांगतो की रात्रीत कोणीतरी देवळाच्या लेखाखाली कोरलं : फुटीच्या कर्माने ऐक्याचं देऊळ उभारलं. यात शिवी नाही, घाण नाही, आणि मला ही सगळ्यांत जहरी वाटते. कोरणाऱ्याने स्वतःची भिंत शोधली नाही. ज्याने मारलं त्याच्याच शिलालेखाच्या खाली जागा घेतली.

डोमिशियन बादशहाने जागोजागी कमानी उभारल्या. एका कमानीवर कोणी ग्रीकमध्ये एकच शब्द लिहिला : ‘आर्की’, म्हणजे पुरे. लॅटिनमध्ये कमानीला ‘आर्कुस’. कानाला दोन्ही जवळचे. वाचणाऱ्याला आधी ‘कमान’ वाटावी आणि मग ‘बस्स’ कळावं.

आता नीरो. त्याने आईला मारवलं होतं. बादशहांचं ज्युलियन घराणं स्वतःला इनिअसचे वंशज म्हणवायचं, आणि तो इनिअस जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन बाहेर पडला होता. यावर रोममध्ये दोन ओळी फिरत होत्या. त्यांतलं लॅटिन क्रियापद दोन अर्थांचं : उचलून नेणे आणि काटा काढणे. इंग्रजीत ती कोटी मरते आणि तळटीप द्यावी लागते. मराठीत आपल्याला शब्द तयार आहे, ‘देवाने उचललं’ म्हणतो त्यातला. म्हणून मी असं करतो :

नीरो इनिअसचाच वंशज, यात शंका कुणाला?
याने उचललं आईला, त्याने उचललं बापाला.

सुएटोनियस म्हणतो की असल्या ओळी लिहिणाऱ्यांना नीरोने फारसं शोधलं नाही. काहींची नावं सिनेटपुढे आली तेव्हाही कडक शिक्षा नको म्हणाला.

---

अबोली_२ | मंगळ, सकाळी ९:१०

रात्रपाळी, ‘उचललं’ अप्रतिम. मी इतके दिवस ‘दूर केलं’ असं काहीतरी गुळमुळीत करत होते.

---

कातळशिल्प | मंगळ, दुपारी १२:००

विषयांतर वाटलं तर सांगा. घाण प्रतिमा आणि सत्ता म्हटलं की आपल्याला गधेगाळ आठवणारच. शिलाहार, यादव काळातले दगड : वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली बाईवर चढलेलं गाढव. हे दान जो मोडेल त्याच्या आईला हा शाप. कोकणात, ठाण्याच्या बाजूला मी स्वतः दोन बघितलेत, एक तर देवळाच्या पायरीला लावलेला होता आणि लोक त्यावर पाय देऊन जात होते.

इथे घाण लिहिणारा राजा आहे. ती राजाज्ञेच्या मुख्य मजकुराचा भाग आहे, तिला कायद्याचं वजन आहे. म्हणून मला वाटतं की अश्लीलता आपोआप खालून वर जाणारी गोष्ट नसते. ती कुणाच्याही हातात असू शकते.

---

उंबरठा | मंगळ, दुपारी १२:४०

कातळशिल्प, विषयांतर नाही, उलट नेमकं आहे. गाढवावरून रोमच्या पॅलाटाइन टेकडीवरचा तो ओरखडा आठवला. बादशाही नोकरवर्गातल्या पोरांना जिथे शिकवत अशा मानल्या जाणाऱ्या इमारतीत १८५७ साली सापडला. क्रुसावर एक माणूस, डोकं गाढवाचं. बाजूला हात वर केलेला एक मुलगा. खाली वेड्यावाकड्या ग्रीकमध्ये : अलेक्सामेनोस देवाची पूजा करतो. क्रुसावरच्या येशूची जी अगदी जुनी चित्रं हाती लागली आहेत त्यांत हे येतं, आणि ते टवाळीचं चित्र आहे. बादशहावर काही नाही. आपल्यातल्याच एका एकट्या ख्रिस्ती पोराला छळलंय. सामाजिक उपहास म्हणायचा तर हाही उपहासच. शेजारच्या दालनात लॅटिनमध्ये दोन शब्द आहेत : अलेक्सामेनोस श्रद्धावान. ते त्याने स्वतः उत्तर म्हणून लिहिले असावेत असं मला मनापासून वाटतं.

---

शिलापट | मंगळ, रात्री १०:३०

तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंय की माझा मूळ मुद्दा आता मलाच लहान वाटतो आहे. दिशा बघायची राहिली होती. साचा कुणाचा आहे याच्या जोडीला बाण कुणाकडे जातो हेही बघायला हवं.

इनिअसचा विषय निघाला म्हणून मला सगळ्यांत आवडणारी ओळ आज लिहितेच. पॉम्पेईच्या मोठ्या रस्त्यावर फाबियस उलुलित्रेमुलस याच्या जागेची दर्शनी भिंत आहे. दाराच्या एका बाजूला बापाला खांद्यावर घेतलेला इनिअस, दुसऱ्या बाजूला विजयचिन्ह घेतलेला रोम्युलस, रोमचा संस्थापक. ऑगस्टसने रोममध्ये आपल्या नव्या चौकात याच दोघांचे पुतळे बसवले होते आणि ती जोडी गावोगाव पोचली होती. धंदा परटाचा. रोमन परीट कपडे धुवायला मूत वापरत, म्हणजे या दाराशी वास कसला असेल ते समजून घ्या. आणि त्याच भिंतीवर कोणी ओरखडलं :

परीट नि घुबड गातो मी, शस्त्रं आणि तो वीर नव्हे.

‘शस्त्रं आणि तो वीर गातो’ ही व्हर्जिलच्या इनिअसवरच्या महाकाव्याची पहिली ओळ. ती शाळेत घोटवून घेत, पॉम्पेईच्या भिंतींवर तिचे पहिले शब्द कितीतरी ठिकाणी आहेत. घुबड कशाला? ते मिनर्व्हाचं, आणि मिनर्व्हा परटांची देवी. शिवाय मालकाच्या उलुलित्रेमुलस या नावातच घुबड आहे. आणि वृत्त कुठेही मोडलेलं नाही. लिहिणाऱ्याला व्हर्जिल पाठ होता.

आता हा ऑगस्टसवर हल्ला आहे का? मला तसं वाटत नाही. मला त्यात अभिमान दिसतो, किंवा निदान हट्ट. बादशहाचा पूर्वज माझ्या दारावर रंगवलाय, ठीक आहे, पण गाणं माझ्या धंद्याचं. पॉम्पेईजवळच्या स्टाबियाई भागात सापडलेलं एक चित्र मात्र खूप पुढे जातं. तोच इनिअस, तोच खांद्यावरचा बाप, हात धरलेला तोच मुलगा, आणि तिघांनाही कुत्र्याचं तोंड, शेपट्या आणि मोठमोठी लिंगं. ते कुणा पोराने खरडलेलं नाही, कसलेल्या चित्रकाराने श्रीमंताच्या घरात काढलंय. उंबरठा, तुमचं म्हणणं इथे पुन्हा खरं ठरतं. बादशहाच्या कुळकथेची इतकी नागडी टवाळी करायची ऐपत आणि आडोसा श्रीमंताकडेच होता.

ऑस्टिया या रोमच्या बंदरातल्या गुत्त्यातले सात ऋषीही याच जातीचे. ग्रीसचे सात शहाणे भारदस्त आसनांवर बसलेत, आणि वर लिहिलंय : सोलोन छान हगता यावं म्हणून पोट चोळायचा. थेलीसने बद्धकोष्ठवाल्यांना जोर लावायला सांगितलं. धूर्त किलोनने आवाज न करता पादायला शिकवलं. त्यांच्या खाली साधी माणसं ओळीने संडासात बसलेली आणि आपापसात बोलतायत, एक म्हणतो ‘घाई आहे’. पिणाऱ्याची नजर आधी त्या साध्या माणसांवर पडत असेल, मग वर ऋषींवर. काम दोघांचं एकच.

---

गोदाकाठ | बुध, सकाळी ८:२०

एक सावधगिरीचं उदाहरण देतो, कारण आपण आता सगळीकडेच टोमणे वाचायला लागू.

पॉम्पेईतली एक ओळ : ‘कुकुता, नीरो ऑगस्टसचा हिशेबनीस.’ पुष्कळांनी वाचलं की कुकुता म्हणजे विषारी हेमलॉक. म्हणजे नीरोचा खजिना विष सांभाळतं, श्रीमंतांना मारून त्यांची इस्टेट घ्यायची, त्यावर हा टोला. ऐकायला फारच सुरेख. हुद्द्याचा साचाही आहे, शिलापटताईंची कसोटी शंभर टक्के पास. पण हेमलॉकचं नेहमीचं रूप ‘सिकुता’. आणि बादशहाच्या हिशेब खात्यात गुलाम आणि सुटका झालेले गुलाम काम करत, त्यांची नावं कशीही असत. कुकुता नावाचा खरा माणूस पॉम्पेईत आला आणि आपलं नाव, हुद्दा लिहून गेला, असंही सरळ वाचता येतं. एका स्वरावर सगळा उपहास टांगलेला आहे.

म्हणून साचा दिसला की एकदम टोमणा म्हणू नये. साचा खरा असला तर तो निव्वळ साचाच असतो.

---

अबोली_२ | बुध, दुपारी २:४५

गोदाकाठ, अगदी मान्य. आणि याची उलट बाजू दाखवणारी एक जागा मला माहीत आहे.

पॉम्पेईच्या त्याच मोठ्या रस्त्यावर आसेलिना नावाच्या बाईचं खाण्यापिण्याचं दुकान होतं. दगडी ओट्यात मडकी बसवलेली, रस्त्यावरूनच घेऊन प्यायची सोय. त्याच्या भिंतीवर निवडणुकीच्या पाट्या. लोलियस फुस्कससाठी ‘आसेलिनाच्या मुली, आणि झ्मिरिनासुद्धा’ विनंती करतात. युलियस पॉलिबियससाठी झ्मिरिना एकटी. बायकांना मत नव्हतं, पण पाट्यांवर बायका बऱ्याच आहेत.

पॉलिबियसच्या पाटीवर नंतर कोणीतरी चुना फासला. सगळ्या पाटीवर नाही. उमेदवाराचं नाव तसंच, पद तसंच, शेवटची तीन अक्षरं तशीच. फक्त ‘झ्मिरिना’वर. कुकुला नावाच्या दुसऱ्या एका बाईच्या नावाचंही असंच.

आता वाचा. पाटी थट्टा होती का? विरोधकाने ‘बघा, गुत्त्यातल्या बाया याच्या मागे आहेत’ म्हणून रंगवली? की झ्मिरिनाला खरंच पॉलिबियस हवा होता आणि तिने आपल्या पैशाने, आपल्या नावाने पाटी लावली? मजकूर दोन्ही वेळा अक्षरशः एकच असता. पण चुना मारणाऱ्याचं मत आपल्याला कळतं. त्याला, म्हणजे बहुधा पॉलिबियसच्याच माणसांना, हे नाव नको होतं. पाठिंबा हवा, देणारी बाई नको. मला वाटतं उपहास पाटीत नव्हताच, तो रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या तोंडात होता, आणि चुन्याने तो आपल्यापुढे सिद्ध केला.

---

शिलापट | बुध, रात्री ११:१५

अबोली, मी हे वाचून त्या पाटीचे फोटो पुन्हा काढून बसले. माझी इच्छा आहे की झ्मिरिनाने ती पाटी खरोखर स्वतः लावलेली असावी. इच्छा म्हणजे पुरावा नव्हे हे कळतं. पण शेजारच्या पाटीत ‘झ्मिरिनासुद्धा’ असं तिचं वेगळं नाव घातलंय, बाकीच्या मुली नुसत्या ‘आसेलिनाच्या’. गावात तिला ओळखत होते, एवढं तर त्यातून निघतं.

मूळ लेखात मी ‘साचा कोणाचा’ हे विचारलं होतं. आता मी माझ्या वहीत प्रत्येक ओळीपुढे आणखी एक रकाना आखला आहे : नंतर कोणी काय केलं. खोडलं, चुना लावला, खाली उत्तर दिलं, की तसंच राहू दिलं. वातियाच्या पाट्यांपुढे तो रकाना सध्या कोरा आहे. कुणाकडे त्यांचे जुने, खोदकामाच्या वेळचे फोटो किंवा रेखाटनं असतील तर इथे टाका. चोरांच्या पाटीवर कधी कोणी हात फिरवला होता का, ते मला बघायचं आहे.

झ्मिरिनाचा रकाना मात्र भरला. तिच्यावर लावलेल्या चुन्याखालून तिचं नाव वाचता आलं आहे.